परांचीवरचा फ्लेक्स

आमचा धंदा इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. नवरा कामं घेतो, त्याचे मामा बांबूंची परांची बांधतात आणि मी रंगवते. परांचीवर बाई दिसली की कारंज्यासारख्या गावातही लोक अजून मान वर करून थांबतात, पण मला आता त्याचं काही वाटत नाही. माझं माहेर इंझोरीकडचं, भाजीपाल्याचं. वांगी आणि टमाटे तोडण्यात माझं लहानपण गेलं. लग्नानंतर एकदा ऐन कामात एक रंगारी आलाच नाही. नवरा वैतागून विटांवर बसून राहिला होता. मी डबा आणि ब्रश घेऊन वर गेले आणि खिडकीची कड रंगवून खाली आले. त्यानं खालूनच ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "उद्याही येजो." तेव्हापासून मी वरच असते.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. साठी उलटलेली, अंगानं वाळलेले, तोंडानं तिखट. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडेच राहायला आले. कामात कुणी प्रश्न विचारलेला त्यांना खपत नाही आणि माझ्या नवऱ्याला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे मामा-भाच्याचं भांडण आमच्याकडे चहासारखं सकाळ-संध्याकाळ ठरलेलं. मी मध्ये पडत नाही. पण त्या चैत्रात पडायला हवं होतं की काय, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

पोहरादेवीच्या रस्त्यावरच्या एका गावात काम होतं. तीन मजली इमारत, खाली दुकानं आणि वर यात्रेकरूंना उतरायला खोल्या. मालक शेतकरीच. देवीच्या वाटेवर आपली एक चांगली इमारत असावी, ही त्याची किती तरी वर्षांची हौस. रामनवमीच्या यात्रेआधी समोरची भिंत रंगून व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं. इमारत इतकी नवी की वरच्या खिडक्यांना तावदानंसुद्धा बसली नव्हती.

परांची भिंतीला टेकून उभी आहे असं खालून पाहणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. ती भिंतीला बांधलेली असते. प्रत्येक खिडकीच्या आतून एक आडवा बांबू लावायचा, म्हणजे तो दोन्हीकडच्या भिंतींवर अडकतो. मग त्याला दोर बांधून बाहेरचा उभा बांबू आत ओढून घ्यायचा. हे दोर आहेत तोवर परांची इमारतीची. दोर सुटले की ती नुसती बांबूंची मोळी, उभी ठेवलेली.

यात्रा दोन दिवसांवर आली तेव्हा डाव्या बाजूच्या खिडक्या बसवायला माणूस आला. त्याला चौकटी बसवायच्या, म्हणून मामांनी डावीकडचे दोर सोडून दिले. त्यानं चौकटी ठोकल्या आणि "काचा घेऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तरी त्याचा पत्ता नव्हता. मामा म्हणाले, "आज पाहू, नाई आला तर बांधून टाकतो."

तेवढ्यात गावातल्या मंडळाची माणसं आली, खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन. यात्रेकरूंच्या स्वागताचा फ्लेक्स. जमिनीवर उलगडला तेव्हा अर्धा रस्ता झाकला गेला. एवढा मोठा फ्लेक्स लावायला गावात दुसरी जागाच नव्हती. मालक हात जोडून मामांसमोर उभा राहिला.

"मामा, दोनच दिवस. तुमच्या बांबूले बांधू द्या. लोकं दुरून दुरून येऊन राह्यले."

नवरा लगेच म्हणाला, "नाई जमत. वारा भरला त्याच्यात, तर सारी परांची ओढून नेईन तो."

"चैतात कुठला वारा?" मामा म्हणाले.

"चैतातच तर वावधन येते, मामा. अन् डाव्या बाजूचे दोर मोकळे हायेत."

"मोकळे हायेत तं बांधतो ना! मले शिकवून राह्यला काय? देवीच्या वाटेवर बसून मी स्वागताच्या फ्लेक्सले नाही म्हनू?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात रंग ढवळत राहिले. मामांच्या भक्तीपुढे बोलायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर फ्लेक्स मलाही छान वाटला होता. मंडळाची माणसं सरसर वर चढली आणि गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत फ्लेक्स ताणून बसवला. जागोजागी सुतळीनं बांबूला घट्ट आवळला.

दुपारी आम्ही त्याच्या मागे काम करत होतो. तिथे तंबूत बसल्यासारखं झालं होतं. पुढे भिंत, पाठीशी फ्लेक्स. ऊन त्यातून गाळून येत होतं, त्यामुळे माझे हात केशरी दिसत होते आणि भिंतीवरचा पांढरा रंग खरा कसा दिसतोय तेच कळत नव्हतं. आभाळ दिसत नव्हतं. रस्ता फक्त फळ्यांच्या फटीतून खाली दिसायचा. फ्लेक्सची सावली रस्त्यावर पडली होती आणि पायी आलेले यात्रेकरू त्या सावलीत येऊन बसत होते. बाया, लेकरं, गाठोडी. एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट सावलीत उभा केलेला. कुणीतरी डफडं वाजवत होतं.

मी दुसऱ्या मजल्यावर, मधल्या खिडकीजवळ. नवरा माझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर. मामा जेवून आले, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, विळा कमरेला खोचला आणि डाव्या बाजूनं वर चढायला लागले, ते मोकळे राहिलेले दोर बांधायला.

पहिल्यांदा ऊन गेलं. माझे हात केशरीचे करडे झाले. मला वाटलं, ढग आला असेल, बरंच झालं. मग फ्लेक्स हळूच आत आला आणि माझ्या पाठीला चिकटला, कुणी मागून हात ठेवावा तसा. मी दचकून वळले. तो परत बाहेर गेला, फुगला, आणि सगळ्या सुतळ्या एकदम करकरल्या.

"मामा!" वरून नवऱ्याचा आवाज आला. "मामा, उतरा! वावधन आलं!"

दुसरा झोत आला तेव्हा माझ्या पायाखालची फळी सरकली. खाली पाहिलं तर फळी आणि भिंत यांच्यामध्ये तळहाताएवढी फट असायची, तिथे आता माझा अख्खा हात गेला असता. परांची भिंतीपासून सुटून बाहेर निघाली होती. मग ती परत आली आणि भिंतीवर आपटली. माझा रंगाचा डबा कडेला होता, तो त्या फटीतून खाली गेला. खाली कुणीतरी ओरडलं. फटीतून मला एक माणूस दिसला, खांद्यापासून पांढरा झालेला, आणि त्याच्या भोवतीचे लोक हसत होते.

"हटा तिथून!" मी ओरडले. "उठा! बांबू पडून राह्यले!"

डफडं चालूच होतं. वरून कोण बाई काय ओरडते, कुणाला कळणार? त्यातच पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले. लोक हटण्याऐवजी गाठोडी उचलून भिंतीशी अजून सरकले. आडोसा होता ना. आमच्याच परांचीचा.

परांची भिंतीकडे परत आली त्या क्षणी मी खिडकीतून आत उडी टाकली. गुडघे फरशीवर आपटले. उठून पाहते तर खिडकीतला आडवा बांबू खिडकीच्या कडेवर कराकरा घासत होता. बाहेर वारा ओढायचा तेव्हा तो कडेकडे सरकायचा, आणि एका टोकाला त्याची पकड बोटभरच उरली होती. डावीकडचे दोर मोकळेच. म्हणजे परांचीच्या त्या अर्ध्या भागाला हा एकच दोर धरून होता. हा बांबू निसटला असता तर नवरा, मामा आणि खालचे सगळे गेले असते.

मी फरशीवर बसले, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि बांबू छातीशी धरून मागे ओढला. जरा सरकला. वारा आला की तो मला उचलून पुढे न्यायचा, वारा थांबला की मी त्याला मागे घ्यायची. खाली जाऊन लोकांना उठवावं, तर हा सोडायचा कसा? सोडला नाही, तर लोकांना सांगणार कोण? मी नवऱ्याला हाका मारल्या. त्याचे पाय खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दिसत होते, डावीकडे सरकताना. तो आत येत नव्हता. तो मामांकडे चालला होता.

तेव्हा जिन्यावरून एक म्हातारी बाई वर आली. बंजारा समाजातली, कोपरापर्यंत बलोयांनी, त्यांच्या त्या पांढऱ्या बांगड्यांनी, हात भरलेले. ती पाणी शोधत आली होती. हातात रिकामी बाटली. मला तसं फरशीवर पाय लावून बसलेलं पाहून ती दारातच थांबली.

"आजी, खाली सांगा!" मी म्हणाले. "लोकायले उठवा! हे सारं पडते!"

तिनं एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा बाहेर हलणाऱ्या परांचीकडे. खाली ती गेली नाही. शेजारच्या खिडकीशी गेली, फ्लेक्स आणि भिंत यांच्या फटीतून तोंड बाहेर काढलं आणि त्यांच्या भाषेत ओरडली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. पण डफडं मध्येच थांबलं. खालून गलका उठला, लेकरं रडायला लागली, ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आला. ती ओरडतच राहिली, बहुतेक एकेकाचं नाव घेऊन. मग परत आली, बाटली बाजूला टाकली, माझ्या शेजारी बसली, पाय भिंतीला लावले आणि बांबू धरला.

"छोडना मत, बेटी," एवढंच म्हणाली.

आम्ही दोघी ओढत होतो. तिच्या बलोया बांबूवर आपटून वाजत होत्या. तिच्या अंगाला धुळीचा आणि घामाचा वास येत होता. मी तिला विचारलं, "सगळे उठले काय?" ती म्हणाली, "उठ गये." आणि मग, "मेरी बेटी भी थी नीचे."

वरून आवाज येत होते. नवऱ्याचा, "मामा, आत या! खिडकीतून आत या!" आणि मामांचा, "आधी हे कापू दे! हे कापल्याबिगर कोनी वाचत नाई!" मामा बाहेरच्या बांबूला एका हातानं धरून, दुसऱ्या हातातल्या विळ्यानं फ्लेक्सच्या सुतळ्या तोडत होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त टक्-टक् असा आवाज ऐकू यायचा आणि प्रत्येक आवाजानंतर बांबूचा ओढा थोडा कमी व्हायचा. त्यांच्या उजवीकडून नवऱ्यानंही पुट्टी लावायच्या पट्टीनं फ्लेक्स फाडायला सुरुवात केली. मग एकाएकी फर्रकन आवाज झाला आणि खोलीत उजेड आला. फ्लेक्स सुटला होता. मी तो रस्त्यावरून गडगडत जाताना पाहिला, आणि त्याच्या मागे पहिल्यांदाच आभाळ, मातकट, खाली आलेलं.

ओढा गेल्यावर परांची भिंतीकडे धावत परत आली आणि धाडकन आदळली. आम्ही दोघी मागे पडलो, बांबू हातातून सुटला. वरून मामा किंचाळले. मी त्यांना तसं किंचाळताना कधी ऐकलं नव्हतं. पाठोपाठ डावीकडचे बांबू, आता काहीच धरून नसलेले, बाजूला कलायला लागले. घाई नव्हती त्यांना. एक कलला, मग त्याला बांधलेले सगळे, फळ्यांसकट, आणि खिडकीसमोरून दोराचं एक वेटोळं खाली गेलं. मामांच्या खांद्यावरचं.

बांबू रस्त्यावर पडल्याचा आवाज किती तरी वेळ चालू होता. मग नुसता पाऊस.

मी खिडकीतून खाली पाहू शकले नाही. ती बाई उठली आणि तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत फरशीवर बसून होते. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शिवी ऐकू आली. अस्सल, लांबलचक, मामांची. नवऱ्याला उद्देशून. "अंगी फाडली ना माही! नवीकोरी अंगी! कायले ओढतं असा?"

मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. ती बाईही हसली, का ते न कळता.

परांची भिंतीवर आदळली तेव्हा बांबू आणि भिंतीच्या मध्ये मामांचं उजवं मनगट सापडलं होतं. नवऱ्यानं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक पाय आत, एक बाहेर ठेवून त्यांना अंगीला धरून आत ओढलं, आणि ओढता ओढताच त्यांच्या पायाखालची फळी गेली. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. ट्रॉली जिथे उभी होती तिथे आता बांबूंचा ढीग होता. एका मोटरसायकलचा पत्रा चेपला, तेवढंच. रंगानं पांढरा झालेला तो माणूस समोरच्या टपरीखाली उभा राहून कापत होता. मंडळाची माणसं, मालक, सगळे भिजत रस्त्यावर उभे.  मालक नुसता नवऱ्याचा हात धरून उभा राहिला.

त्या आजीला मी पाणी आणून दिलं. तिनं ते पिऊन बाटली भरून घेतली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या लोकांमध्ये निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. तेव्हा सुचलंच नाही.

मानोऱ्याला दवाखान्यात जाताना जीपमध्ये नवरा मामांवर ओरडत होता. मी त्याला इतकं ओरडताना पाहिलं नव्हतं. "म्हनलं होतं ना तुमाले? म्हनलं होतं ना?" मामा मनगट मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते. हळूहळू नवऱ्याचा आवाज बसला आणि तो रडायला लागला. मग मामा म्हणाले, "मले तरी कुठं ठाव होतं, गा. देवीचं काम होतं." आणि डाव्या हातानं त्यांनी भाच्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं.

प्लॅस्टर घालून होईपर्यंत माझ्या आईचा फोन आला. कुणीतरी खालून मोबाइलवर हे सगळं चित्रित केलं होतं आणि ते आमच्या आधी इंझोरीला पोचलं होतं.

"पोरी, तो आवाज तुहाच होता ना? हटा, हटा म्हनून ओरडली ती?"

"माहाच व्हता, माय."

"मी तं आवाजावरूनच वळखला." मग म्हणाली, "परत वावरात ये. वांगे तोडजो. पडलं त पडलं, वांग्याच्या झाडावरून पडून कोनी मरत नाई."



यात्रा संपेपर्यंत भिंत तशीच अर्धी पांढरी, अर्धी सिमेंटची राहिली. लोक आले, तिच्या शेजारून गेले. देवीनं वाचवलं असं गावात सगळे म्हणत होते. मामाही म्हणत होते. 

आम्ही परत गेलो तेव्हा नवऱ्यानं कारंज्याहून कंबरेला बांधायचे पट्टे आणले होते, हुकवाले. मामांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि "बैलाले बांधते असे" म्हणून परत दिले. पण नको म्हणाले नाहीत. त्यांचा हात गळ्यात होता, त्यामुळे बांबू त्यांना बांधता येणार नव्हते. नवरा बांधायला लागला, तर मामांनी त्याला हटकलं.

"तुह्या गाठी मी पाह्यल्या हायेत. सूनबाई, तू ये."

मी कधी परांची बांधली नव्हती. मालकानं त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. तिच्यावर ते बसेनात. माझ्या मागे उभे राहून सांगत होते. "असा नाई, खालून घे. आता वढ. अजून वढ. अगं, वेणी घालून राह्यली काय?" गाठ झाली की ते पुढे यायचे, डाव्या हातानं दोर ओढून पाहायचे आणि म्हणायचे, "सोड. परत बांध." काथ्यानं माझी बोटं सोलली. मी रागानं बांधत होते, ते रागानं सोडायला लावत होते. नवरा बाजूला बसून आम्हा दोघांकडे पाहत होता.

दुपार कलायला लागली तेव्हा एका गाठीवर त्यांनी दोर ओढला, परत ओढला, सगळं अंग टाकून ओढला. मग पुढच्या बांबूकडे गेले.

प्रत्येक खिडकीतला आडवा बांबू नवऱ्यानं आत जाऊन स्वतः हलवून पाहिला, आणि त्याच्यानंतर मीही पाहिला. काचा बसवणारा माणूस शेवटी आला तेव्हा मामांनी त्याला सांगितलं, आधी दुसरा दोर बांधून होईल, मगच पहिला सुटेल. तो घड्याळ पाहत राहिला. मामा त्याच्या शेजारी उभे राहून बिडी ओढत राहिले.

पट्टा कंबरेला बांधून मी पहिल्या मजल्यापर्यंत गेले. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. तरी मी बांबूला मिठी मारून उभी राहिले. नवरा वरून म्हणाला, "उतर, मी करतो." मी म्हटलं, "थांब जरा." आणि जराशानं वर गेले.

उजवी बाजू आणि मधला भाग मी रंगवला. डावीकडे मी गेले नाही. ती बाजू नवऱ्यानं केली.